घरची जिंजर बीअर गढूळच राहते, निवळत नाही. काय चुकतंय?

शुभदा_रामबाग
४ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची, रामबागेत राहते. लोणची, मुरांबे, गाजराची कांजी हे सगळं आईच्या हाताखाली शिकले, पण फसफसणारं पेय बाटलीत भरायला याच वर्षी लागले. म्हणजे या कामात मी अगदी नवी. बीअर म्हटलं तरी यात जव नाहीत की हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) नाहीत, ही अद्रकाची जिंजर बीअर. (इंदुरात आम्ही आल्याला अद्रकच म्हणतो.)

अडचण अशी की ती निवळत नाही. पहिली खेप आरपार झाली, नंतरच्या दोन्ही गढूळ.

पेय आंबवायला लागतं ते विरजण आधी सांगते. काचेच्या बरणीत न सोललेलं अद्रक किसून दोन चमचे, दोन चमचे साखर, दीड कप पाणी. मग रोज एक चमचा अद्रक, एक चमचा साखर. फाल्गुनात सहाव्या दिवशी बुडबुडे धरले. आता तिसऱ्याच दिवशी झाकण सैल केलं की सुंऽऽ आवाज येतो. पाणी नर्मदेचं, नळाचं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा भरून ठेवते आणि उकळून गार करून वापरते.

पहिली खेप रंगपंचमीची. ४ लिटर पाणी, पाव किलो अद्रक किसून पंचाच्या फडक्यातून पिळलेला रस, ३२० ग्रॅम साखर, तीन लिंबं, वाटीभर विरजण. दोन रात्री बरणीत, मग सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून एक दिवस बाहेर आणि पाच दिवस फ्रिजमध्ये. राजवाड्याची गेर (रंगपंचमीची मिरवणूक) पाहून मंडळी रंगलेल्या हातांनी घरी आली तेव्हा पेले भरले. पेल्यामागे बोट धरलं तर नखावरचा गुलाल दिसत होता, इतकी स्वच्छ.

दुसरी अक्षय्य तृतीयेची. घाई होती. चोइथराम मंडीतून किलोभर अद्रक आणलेलं, किसायला वेळ नव्हता, म्हणून पाव किलो मिक्सरमधून काढलं आणि पाणी, साखर, लिंबाच्या फोडी असं सगळं एकत्र वीस मिनिटं उकळलं. घरभर वास सुटला, तिखटपणाही छान उतरला. पण गाळल्यावर जो पांढुरका रंग आला तो शेवटपर्यंत गेला नाही. सात दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवली तरी पेजेच्या निवळीसारखीच दिसत राहिली.

तिसरी गेल्या आठवड्यात. कृती दुसरीचीच, फक्त निम्म्या साखरेऐवजी गूळ, कारण बाबांना गुळाची चव आवडते. ही तर पहिल्या पावसाच्या पाण्यासारखी आहे. शिवाय यातली एक बाटली उघडल्याबरोबर फेस उसळला आणि निम्मं पेय ओट्यावर गेलं.

चव बिघडलेली नाही. वर साय नाही, बुरशी नाही. तळाशी बोटभर साका बसतो, पण वरचं पाणी गढूळच. स्वयंपाकघरात दुपारी ३४ अंश असतं.

एवढा जीव का टाकते आहे तेही सांगते. २४ मेला बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यांची सगळी नोकरी महूला झाली. तिथे एका सोडावाल्याकडे गोटीच्या बाटलीत अद्रकाचं पेय मिळायचं, फिक्या चहाच्या रंगाचं, आरपार. गोटी आत पडल्याचा आवाज बाबा अजून तोंडाने काढून दाखवतात. ते पेय मला त्यांच्या हातात द्यायचं आहे, आणि गढूळ द्यायचं नाही. बाजारचं आणू, असं भाऊ म्हणतो. मला ते नको.

दोष विरजणाचा, पाण्याचा, उन्हाळ्याचा की माझ्या कृतीचा? आणि वीस दिवसांत सुधारेल का?


कोथरूडचा_अनिकेत
४ मे, रात्री ११:१५

जिलेटिन. चार लिटरला चिमूटभर पुरे. कोमट पाण्यात विरघळवून थंडगार पेयात घाला, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, सगळा गाळ खाली ओढून नेतं.


शुभदा_रामबाग
४ मे, रात्री ११:३२

धन्यवाद अनिकेत, पण घर शाकाहारी आहे आणि जिलेटिन हाडाकातड्याचं असतं. दुसरं काही असलं तर सांगा.


लीड्सकर
५ मे, पहाटे ३:०५

शुभदाताई, मी मूळचा इंदूरच्याच राजेंद्रनगरचा, चौदा वर्षं लीड्सला आहे. इथे १९६३ पासून घरी पिण्यापुरती बीअर करायला परवाना लागत नाही, त्यामुळे माझ्या गॅरेजात जवाच्या बादल्या कायम असतात. (मध्यप्रदेशात जवाची बीअर विनापरवाना घरी करणं आबकारी कायद्यात बसत नाही. हे वाचून कुणाला त्या वाटेने जावंसं वाटलं तर कृपा करून थांबा.) जिंजर बीअरचं मूळही इथलंच, यॉर्कशायरचं, अठराव्या शतकातलं, म्हणून तुमचा धागा बघून राहवलं नाही.

जिलेटिन चालत असतं तरी मी आत्ता नको म्हटलं असतं. आधी निदान होऊ द्या. गढूळपणा हा एकच आजार नाही. माझी पहिली बीअर ढगाळ झाली तेव्हा मी तीन महिने यीस्टला दोष देत होतो, यीस्ट बदलत होतो. आणि ग्लास दहा-पंधरा मिनिटं टेबलावर राहिला की तीच बीअर आपोआप स्वच्छ व्हायची, इकडे माझं लक्षच नव्हतं. ती थंडीने येणारी झाक होती. जवातली प्रथिनं आणि टरफलातलं, हॉप्समधलं टॅनिन (तुरट अंश) गारठ्यात एकमेकांना धरून बसतात आणि ऊब मिळाली की सोडून देतात. चवीला काही होत नाही. तुमच्यात जव नाहीत, तेव्हा हे कारण जवळजवळ बाद. तरी एक पेला तासभर बाहेर ठेवून बघा, त्याला खर्च नाही.

दुसरं कारण तरंगणारं यीस्ट. नवशिक्यांच्या दहापैकी बहुतेक तक्रारी याच्याच असतात आणि त्यांना औषध म्हणजे थंडी आणि सबुरी. फ्रिजमध्ये उभ्या बाटलीत ते तीन-चार दिवसांत तळाला जातं. रानटी यीस्टला जरा जास्त वेळ लागतो. पण तुमची दुसरी खेप सात दिवस उभी राहूनही निवळली नाही, म्हणजे नुसतं यीस्ट नव्हे.

तिसरं, नको असलेले जिवाणू. चमचा बुडवून वर उचला. पाकासारखी तार आली तर ती खेप ओतून द्या आणि विरजणही नवीन लावा. साखरेपासून चिकट धागे करणारे जिवाणू असतात, ते एकदा बरणीत शिरले की पुढच्या प्रत्येक खेपेत येतात. तार नसेल, वास स्वच्छ असेल, तर ही काळजी सोडा.

राहिला स्टार्च, आणि माझा संशय त्याच्यावर आहे. घरात जखमेवर लावायचं आयोडीनचं लाल औषध असेलच. पांढऱ्या बशीत चमचाभर पेय घ्या, औषध थोडं पाणी घालून पातळ करा, दोन थेंब टाका. पेय गार असू द्या, गरम द्रवात रंग धरत नाही. निळा-काळा झाला तर स्टार्च. बीअर करणारेही हीच परीक्षा करतात: मोड आणून वाळवलेले जव भरडून ६५ अंशांच्या आसपास तासभर पाण्यात ठेवायचे, मोडातली विकरं त्यातल्या स्टार्चची साखर करतात, आणि काम पुरं झालं का हे बशीत आयोडीनचा थेंब टाकून बघायचं. तुमच्या पातेल्यात मात्र ती विकरं नाहीत. तिथे शिरलेला स्टार्च शेवटपर्यंत तसाच राहणार, कारण यीस्टला तो खाता येत नाही.


दाणाओळी
५ मे, सकाळी ७:५०

अगं शुभदा, मी ग्वाल्हेरहून लिहिते आहे. बीअरमधलं मला काही कळत नाही, पण आल्याचं पाचक गेली पन्नास वर्षं करते आहे. आल्याचा रस काढला की तो लगेच वापरायचा नाही, हे माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वाटीत तासभर ठेवायचा. तळाशी पांढरं शुभ्र बसतं, खडूच्या निवळीसारखं. वरचा रस अलगद ओतून घ्यायचा आणि खालचं टाकायचं. नाहीतर पाचक ढवळ होतं आणि बाटलीत दही फुटल्यासारखं दिसतं.

तू ते पांढरं आल्यासकट उकळलंस. तांदूळ उकळला की पेज, आरारूट उकळलं की खळ. आल्याचं दुसरं काय होणार? साडीची खळ कधी निवळलेली बघितली आहेस का?

पहिल्या खेपेला रस पिळल्यावर किती वेळ तसाच राहिला होता, ते आठवून बघ.


शुभदा_रामबाग
५ मे, रात्री ९:२०

काकू, आठवलं. रस पिळून झाला आणि त्याच वेळी मावशी आली. चहा, गप्पा, तिच्यासाठी शिकंजी आणायला मुलगा सराफ्यात गेला (बाहेरच्यांसाठी सांगते, आमची इंदुरी शिकंजी लिंबाची नसते, ती दुधाची, दाट), असं करत तास-दीड तास पातेली ओट्यावर राहिली. नंतर मी वरचा रस ओतून घेतला आणि तळाचं पांढरं पाण्याखाली धुऊन टाकलं. ते काय आहे याचा विचारही केला नाही. म्हणजे पहिली खेप मी नीट केली नव्हती, मावशीमुळे नीट झाली.

लीड्सकर, तुमच्या सगळ्या परीक्षा आज केल्या. पेला तासभर बाहेर ठेवला, काही फरक नाही. तार नाही. मग आयोडीन. पांढऱ्या बशीत दुसऱ्या खेपेतलं उरलेलं एक चमचा घेतलं, वर दोन थेंब टाकले. थेंब पडला तिथे तपकिरी ठिपका झाला आणि बघता बघता विरून गेला. पाण्यात साखर विरावी तसा. आणखी दोन थेंब, तेही गायब. मला वाटलं स्टार्च नाहीच. बशी धुवायला उचलली होती, पण मन मानेना, म्हणून मोजत पुढे टाकत गेले. सातव्या थेंबाला रंग राहिला, आधी जांभळा, आणि बशी हलवल्यावर काठाकडे पिकल्या जांभळासारखा काळा. तिसऱ्या खेपेतही तेच. शेजारी वाटीत भाताची पेज घेऊन तपासली तर ती पहिल्याच थेंबाला काळी झाली.

हे पहिले सहा थेंब कुठे गेले?


लीड्सकर
६ मे, रात्री १२:४०

लिंबात गेले. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग खाऊन टाकतं. ते संपेपर्यंत थेंब विरत राहतात, संपलं की मगच आयोडीन स्टार्चला भेटतं. हे आधीच सांगायला हवं होतं, माझ्या बीअरमध्ये लिंबू नसतं म्हणून सुचलं नाही. तुम्ही दुसऱ्या थेंबाला थांबला असतात तर माझ्या सांगण्यावरून चुकीच्या वाटेला लागला असतात.

निदान झालं, आणि ते काकूंनी माझ्याआधी केलं. कच्च्या रसात स्टार्चचे दाणे अख्खे आणि जड असतात, म्हणून खाली बसतात. उकळले की पाणी पिऊन फुगतात, फुटतात, आणि पाण्यात पसरतात. मग फडकं, फ्रिज, सबुरी, कशाचाच इलाज चालत नाही. लिंबाच्या फोडी उकळल्या त्यातून पेक्टिनही उतरलं असणार, मुरांब्याला घट्टपणा देतं तेच. त्याचीही झाक राहते. लिंबाचा रस पुढच्या वेळी गाळून, अगदी शेवटी, गार पाण्यात घाला.

दुसरी-तिसरी खेप निवळवायच्या मागे लागू नका. प्यायला त्या चांगल्या आहेत.


दांडियाबाजार
६ मे, सकाळी १०:१०

नमस्कार, मी वडोद्याचा. गुळाबद्दल थोडं: गूळ कधीच थेट घालू नका. आमचं आजोळ गुऱ्हाळाचं. काहिलीत भेंडीचं चिकट पाणी घालून मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढतात, तरी थोडी राहतेच. गूळ पाण्यात उकळा, जाड फडक्यातून गाळा, रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं पाणी घ्या. तरी तो साखरेइतका स्वच्छ होणार नाही.

आता माझा प्रश्न. आमच्याकडे गुजरात राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे, म्हणून माझं लक्ष तिकडे आधी जातं. या पेयात अल्कोहोल किती होतं? कार्यक्रमात लहान मुलं असतील ना?


लीड्सकर
६ मे, संध्याकाळी ६:३०

फार बरं विचारलंत, हे माझ्याच्याने राहून गेलं होतं.

ताईंच्या कृतीत लिटरला ८० ग्रॅम साखर आहे. यीस्टने ती सगळी संपवली तर ४ टक्क्यांच्या वर अल्कोहोल होईल, म्हणजे साध्या बीअरच्या बरोबरीने. "घरचं आहे, अद्रकाचं आहे" म्हणून ते कमी होत नाही. साखर अर्धी अल्कोहोल होते आणि जवळजवळ अर्धी वायू. उलट सोड्याइतका फेस बाटलीत यायला लिटरला १२ ग्रॅमच्या आसपास साखर पुरते, आणि तेवढ्यातून अल्कोहोल पाऊण टक्क्याच्या आगेमागे होतं. म्हणून ताई, बरणीतल्या त्या दोन रात्री वगळा. तिथला वायू उडून जातो आणि अल्कोहोल मात्र मागे राहतं. मिश्रण थेट बाटल्यांत भरा, फेस धरला की फ्रिजमध्ये. तिथेही ते थांबत नाही, फक्त रांगतं, तेव्हा आठवडाभरात संपवा.

आणि मुलांना, गरोदर बायकांना, ज्यांना अल्कोहोल थोडंही चालत नाही त्यांना हे देऊच नका. त्यांच्यासाठी काकूंचं पाचक आणि वर बाजारचा सोडा. रंग-वास सारखाच असेल, म्हणून जग वेगळे ठेवा आणि चिठ्ठी लावा. बाबांच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा.

बाटलीबद्दल. तुम्ही सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरता हे फार चांगलं. काचेची बाटली कुणी कितीही सुंदर दिली तरी नको. ३४ अंशांत दाब इतका झपाट्याने चढतो की काच फुटून तुकडे उडतात. प्लास्टिकची बाटली बोटाने दाबून बघता येते. अजिबात दबेनाशी झाली की लगेच आत. तुमच्या ओट्यावर उसळली तिच्यात दाब जास्त होताच, शिवाय गुळाचे बारीक कण. बुडबुड्याला असा कण मिळाला की तो तिथेच धरतो, आणि सगळे एकदम वर येतात.

उन्हाळ्याचं म्हणाल तर बाटल्या परातीत पाण्यात उभ्या करा, वरून ओला पंचा, आणि कूलरच्या वाऱ्यात. माळव्याच्या कोरड्या मे महिन्यात माठ ज्याने गार होतो त्यानेच त्याही गार राहतील.

जाता जाता: तुम्ही विरजण म्हणता तो शब्द अगदी चपखल आहे. इथल्या घरांतून जिंजर बीअरचे पांढरे दाणे पिढ्यान् पिढ्या शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात. हॅरी मार्शल वॉर्ड नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये ते उलगडून दाखवले. त्यात यीस्ट आणि जिवाणू एकमेकांच्या आधाराने राहतात. तुमचं विरजण अद्रकाच्या सालीवरून आलेलं आहे, ते दाणे वेगळे, पण संसार तोच.


शुभदा_रामबाग
१६ मे, रात्री १०:०५

सर्वांना नमस्कार. चौथी खेप झाली. सविस्तर लिहिते, कारण मला इथूनच मिळालं.

अद्रक या वेळी ३५० ग्रॅम घेतलं. उकळायचं नाही म्हणजे तिखटपणा कमी उतरणार, तो असा भरून काढला. किसून, थोडं गार पाणी शिंपडून पिळलं आणि रस काचेच्या पेल्यात ठेवला, मुद्दाम, दिसावं म्हणून. दहा मिनिटांत तळाशी पांढरी रेघ दिसायला लागली. अर्ध्या तासात ती बोटाच्या पेराएवढी जाड झाली. तासाभराने वरचा रस ओतला तेव्हा पेला आडवा केला तरी तो थर हलेना, थिजलेल्या खोबरेलासारखा काचेला धरून बसला होता. बोटाने दाबला तर कॉर्नफ्लोर दाबल्यावर होतं तसं करकर झालं. हे सगळं मी मागच्या दोन्ही खेपांत उकळून पाजलं होतं. ओतलेला रस पुन्हा तासभर ठेवला, तेव्हा आणखी पातळसा थर बसला, तोही काढला.

३२० ग्रॅममधली १०० ग्रॅमची जागा गुळाला दिली, वडोद्याच्या काकांनी सांगितलं तसं उकळून, गाळून, रात्रभर ठेवून. तळाशी काळपट मळी होती, बारीक वाळूही. रंग मात्र बाबा सांगतात तसा आला. लिंबाचा रस गाळून शेवटी. विरजणाचं पाणीही पंच्याच्या दोन घड्यांतून गाळलं.

बाटल्या पितळी परातीत, वर ओला पंचा, समोर कूलर. मुलाचा थर्मामीटर परातीतल्या पाण्यात ठेवला तर २७ अंश दाखवला, त्या वेळी खोलीत ३४ होतं. तीस तासांनी बाटल्या दगडासारख्या घट्ट झाल्या. लगेच फ्रिजमध्ये, चार दिवस उभ्या, दारातल्या कप्प्यात न ठेवता आत मागे, म्हणजे दार उघडताना हलणार नाहीत.

आज एक उघडली. वरचे तीन पेले स्वच्छ. आयोडीनचे दहा थेंब टाकले, निळं काही नाही. अगदी बारीक, दुधाचा थेंब पाण्यात पडावा एवढी झाक आहे. पण चौथा पेला भरताना तळाचा साका एकदम वर आला आणि तो पेला गढूळ झाला. बाटली हळूच सरळ केली होती तरी. आणि ती उरलेली झाक जाईल का?


लीड्सकर
१७ मे, रात्री १:१५

पेल्यामागून पेला असं ओतू नका. प्रत्येक वेळी बाटली सरळ केलीत की साका उचलला जातो, आणि झाकण उघडल्यावर सुटणारे बुडबुडे त्याला वर ढकलतात. मोठा जग तिरका धरा, बाटली एकदाच कलवा आणि न थांबता ओता. तळाची दोन बोटं राहिली की थांबा. ती दोन बोटं पुढच्या खेपेला विरजण म्हणून चालतात.

उरलेली झाक राहू द्या. बाबांचं महूचं पेय बहुधा अद्रकाच्या अर्काचं असणार, गाळलेल्या पाण्यात वायू दाबून भरलेला. १९०४ मध्ये कॅनडात जॉन मॅकलॉक्लिनने काढलेलं फिकं जिंजर एल त्याच जातीचं. त्यात काही आंबतच नाही, त्यामुळे गढूळ व्हायला जिवंत काही नसतं. तुमच्यात यीस्ट आहे, थोडी झाक त्याची असणारच. आणखी दोन दिवस फ्रिजमध्ये मिळाले तर तीही उतरेल. २४ तारखेच्या बाटल्या आजच भरल्यात तर फ्रिजमध्ये पाच दिवस मिळतात.


दाणाओळी
१७ मे, सकाळी ८:३०

शुभदा, मुलांच्या पाचकात पादेलोण आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाल, पण आयत्या वेळी. आधी घातलीस तर तेही ढवळ होईल.


शुभदा_रामबाग
२६ मे, दुपारी ३:४५

कार्यक्रम छान झाला. १७ ला बारा लिटर भरलं, १८ च्या रात्री फ्रिजमध्ये, निम्मं शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये. डॉक्टरांनी बाबांना अर्धा पेला चालेल म्हटलं होतं. मुलांचं पाचक वेगळ्या जगात, वर लाल चिठ्ठी.

बाबांनी पेला खिडकीकडे धरला. बराच वेळ बघत होते. मग पलीकडे भिंतीवर आईचा फोटो आहे, तो पेल्यातून दिसतो का ते बघायला त्यांनी पेला तिकडे वळवला. दिसत होता. एक घोट घेतला आणि म्हणाले, "हे महूच्यापेक्षा तिखट आहे." अर्धा पेला संपल्यावर आणखी मागितलं, ते मी दिलं नाही, पाचक दिलं.

काकू, जिरं-पादेलोण आयत्या वेळी घातलं, मुलांनी दोन जग संपवले. तळाच्या दोन-दोन बोटांचं विरजण फ्रिजमध्ये ठेवलं आहे, आठवड्याला चमचाभर साखर आणि अद्रक घालते आहे. इंदुरात कुणाला हवं असेल तर इथे लिहा, झाकणाची प्लास्टिकची बरणी घेऊन रामबागेत या, वाटीभर देते.